नऊ महिने उतार, पुढे चढ : गरोदरपण आणि संधिवाताचे आजार

संधिवात असलेल्या मुलीबद्दल आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘लग्न करून टाका, मूल झालं की वात आपोआप जातो.’ दुसरा, ‘हिला मूल झेपणार नाही, लग्नाचा विचारच सोडा.’ दोन्ही सल्ले ठामपणे दिले जातात आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. माझ्या मावसबहिणीला चोविसाव्या वर्षी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे साध्या भाषेत आमवात, असल्याचं निदान झालं. तेव्हापासून हे दोन्ही सल्ले मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकले, की यात खरं काय हे शोधून काढावंसं वाटलं.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, वैद्यकशास्त्राची नाही. तरीही हा लेख साहित्य मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे, याचं कारण भाषेचं आहे. ताईच्या फायलीतले सगळे कागद इंग्रजीत, दवाखान्यातले फलक कन्नडमध्ये, आणि मावशीला नीट कळतं ते मराठी. सीमाभागातल्या किती घरांत हीच गत असेल! आजाराची माहिती आईला तिच्या भाषेत मिळाली नाही, की तिथे शेजारणीचा सल्ला येऊन बसतो.

हे आजार म्हणजे नेमकं काय?

आपली प्रतिकारशक्ती म्हणजे घरचा राखणदार कुत्रा. चोर दिसला की त्याने भुंकावं, प्रसंगी चावावं, हे त्याचं काम. पण हा राखणदार घरच्याच माणसांवर धावून जायला लागला तर? ऑटोइम्यून आजारांत असंच होतं. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी शरीराच्याच भागांना परकं समजून हल्ला करतात. हा हल्ला सांध्यांच्या अस्तरावर झाला की रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त अशा अनेक ठिकाणी झाला की ल्युपस. डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा शोग्रेन, कातडी घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, ही सगळी याच गोतावळ्यातली.

म्हातारपणी गुडघे झिजून दुखतात, तो संधिवात वेगळा. हे आजार अनेकदा तरुण वयात येतात आणि त्यांतले बरेचसे बायकांना जास्त होतात. रुमॅटॉइडमध्ये एका पुरुषामागे साधारण तीन स्त्रिया, तर ल्युपसमध्ये एका पुरुषामागे जवळजवळ नऊ स्त्रिया असं प्रमाण सांगितलं जातं. ल्युपस तर बहुतेकदा मूल होण्याच्या वयातच सुरू होतो. म्हणून ‘गरोदरपणाचं काय?’ हा प्रश्न या आजारात बाजूचा राहत नाही, तो अगदी मधोमध येऊन उभा राहतो.

एका डॉक्टरचं निरीक्षण आणि नोबेल पारितोषिक

‘मूल झालं की वात जातो’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि ते शास्त्राच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. आमवाताच्या रुग्णांना कावीळ झाली की त्यांचे सांधे काही काळ सुधारतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे गरोदर स्त्रियांमध्येही त्यांना तेच दिसलं. दिवस गेले की सूज उतरायची, सकाळचा आखडलेपणा कमी व्हायचा. बाळंतपण झालं की काही आठवड्यांत आजार परत. १९३८ साली त्यांनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांचा तर्क असा : हा आजार कायमचा, न उलटणारा आहे असं आपण मानतो, पण शरीर स्वतःच तो थांबवू शकतं, म्हणजे शरीरात असं काहीतरी द्रव्य तयार होत असलं पाहिजे. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी नाव दिलं ‘सब्स्टन्स एक्स’.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतली द्रव्यं वेगळी करत होते. त्यांतलं एक द्रव्य सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचलं गेलं आणि काही दिवसांत ती चालू-फिरू लागली. तेच कॉर्टिसोन. हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेयस राइशस्टाइन यांना १९५० चं नोबेल पारितोषिक मिळालं. आज दम्यापासून त्वचारोगापर्यंत जी ‘स्टेरॉइडं’ आपण ऐकतो, त्यांच्या वापराची वाट गरोदर बायकांच्या सुजेवर बारीक नजर ठेवण्यातून निघाली, हे मला फार विलक्षण वाटतं.

मात्र गरोदरपणातला आराम एकट्या कॉर्टिसोनसारख्या संप्रेरकामुळे मिळतो, असं आता मानत नाहीत. कारण त्याहून गुंतागुंतीचं आहे.

पोटातला पाहुणा

१९५३ साली पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने एक साधा दिसणारा प्रश्न विचारला. दुसऱ्याचं मूत्रपिंड आपल्याला बसवलं तर शरीर ते नाकारतं. मग ज्याची निम्मी जनुकं वडिलांकडून आलेली आहेत, ते बाळ आईचं शरीर नऊ महिने कसं काय सांभाळतं?

उत्तर असं की गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती आपली चाल बदलते. ‘भुंकू नकोस’ असं इतर पेशींना सांगणाऱ्या नियामक पेशी वाढतात. पेशींच्या थेट हल्ल्याकडचा कल कमी होतो आणि प्रतिपिंडांकडचा, म्हणजे अँटिबॉडींकडचा, कल तुलनेने राहतो. वारेतून येणारी संप्रेरकंही यात हातभार लावतात. रुमॅटॉइडमध्ये पेशींच्या हल्ल्याचा वाटा मोठा, म्हणून तो शमतो. ल्युपसचा भर अँटिबॉडींवर, म्हणून त्याला तसा फायदा मिळत नाही. ही मांडणी थोडी ढोबळ आहे, पण दोन आजार दोन दिशांना का जातात हे समजायला ती उपयोगी पडते.

यातला मला सर्वांत आवडलेला शोध १९९३ चा. जे. ली नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवात असलेल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा ताडून पाहिल्या. आई आणि बाळ यांच्या ठरावीक खुणा जितक्या वेगळ्या, तितका आईला आराम मिळण्याचा संभव जास्त, असं दिसलं. बाळ जितकं ‘परकं’, तितकं आईचं शरीर अधिक सहनशील! एखाद्या कवीला सुचावी अशी ही गोष्ट प्रयोगशाळेत सापडली.

पण आकड्यांकडे नीट पाहायला हवं. जुन्या नोंदींत चारपैकी तिघींना उतार पडतो असं म्हटलं जायचं. अलीकडे दुखरे आणि सुजलेले सांधे मोजून जे अभ्यास झाले, त्यांत हे प्रमाण साधारण निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत येतं. म्हणजे दर दहा जणींत चार-पाच अशा, ज्यांना गरोदरपणातही दुखतं आणि औषधाची गरज राहते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये तर असा उतार सहसा मिळतच नाही. तेव्हा ‘दिवस गेलेत ना, मग दुखायला नको’ असं एखादीला म्हणणं, म्हणजे तिच्या दुखण्यावर अविश्वास दाखवणं.

‘वारं लागलं’

आपल्याकडे बाळंतिणीला वाऱ्यापासून जपतात. कानाला रुमाल, पायात मोजे, खिडक्या बंद, शेक-शेगडी. नंतर सांधे धरले की आजी म्हणणार, ‘बाळंतपणात वारं लागलं.’ मी या समजुतीला हसायचे नाही, कारण तिच्यामागे पिढ्यान् पिढ्यांचं खरं निरीक्षण आहे : बाळंतपणानंतर काही बायकांचे सांधे खरोखरच धरतात. निरीक्षण बरोबर आहे, फक्त दोष वाऱ्याचा नाही.

बाळ जन्मलं, वार पडली, की प्रतिकारशक्तीवरचा तो लगाम सुटतो. संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते. आणि शांत झालेला आमवात पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ जणींमध्ये उसळून येतो. इतकंच काय, ज्यांना आधी हा आजार कधीच नव्हता, अशा काही जणींमध्ये तो पहिल्यांदा दिसतो तोही बाळंतपणानंतरच्या महिन्यांत. अशा वेळी ‘वारं लागलं’ या दोन शब्दांवर समाधान मानलं, तर निदानाला उशीर होतो. आणि आमवातात सांध्याचं कायमचं नुकसान पहिल्या काही महिन्यांपासूनच सुरू होऊ शकतं.

ताईचंही असंच झालं. गरोदरपणाचे शेवटचे चार महिने तिचे इतके छान गेले की ती खानापूरहून एकटी बसने बेळगावला यायची. ‘गेला बाई एकदाचा वात,’ असं मावशीने जाहीरही करून टाकलं. बाळ अडीच महिन्यांचं झालं आणि एका सकाळी ताईला दुधाच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याच्या पांढऱ्या झग्याची बटणं माझ्या आईने लावली, कारण ताईची बोटं मिटत नव्हती. घरात आळीव आणि डिंकाचे लाडू भरपूर होते, तेलमालिश चालू होती. नव्हती ती फक्त तज्ज्ञाची पुढची तारीख, कारण बरं वाटतंय म्हटल्यावर ती कुणी घेतलीच नव्हती. ती तारीख मिळून उपचार परत सुरू होईपर्यंत आणखी सहा आठवडे गेले.

म्हणून यातून काढायचा व्यवहारी धडा असा : प्रसूतीची तारीख जशी आधी ठरते, तशी त्यानंतरच्या सहा ते बारा आठवड्यांतली रुमॅटॉलॉजिस्टची भेटही आधीच ठरवून ठेवावी. बरं वाटत असलं तरी. आपल्या भागातून अनेकांना त्यासाठी कोल्हापूर, हुबळी किंवा पुणं गाठावं लागतं. तान्हं बाळ घेऊन असा प्रवास ऐन वेळी ठरवणं सोपं नसतं.

ल्युपसची वाट वेगळी

इंग्रजी साहित्य वाचणाऱ्यांना फ्लॅनरी ओ’कॉनर हे नाव माहीत असेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातली ही कॅथलिक कथालेखिका. तिचे वडील ल्युपसने १९४१ मध्ये गेले. पंचविसाव्या वर्षी, १९५० च्या अखेरीस, तीही आजारी पडली. घरच्यांनी तिला संधिवात आहे असंच सांगितलं. खरं नाव तिला १९५२ मध्ये एका मैत्रिणीकडून कळलं. हेंच यांच्या कॉर्टिसोननंतर लगेच वापरात आलेल्या संप्रेरक-उपचारांवर ती पुढची वर्षं जगली, लिहीत राहिली आणि १९६४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. तिने लग्न केलं नाही. त्या काळी ल्युपस असलेल्या स्त्रीला मूल होऊ देऊ नये, असाच वैद्यकीय सल्ला असे.

आज तो सल्ला बदलला आहे, पण अटींसह. पहिली अट वेळेची. गर्भ राहण्याआधी किमान सहा महिने आजार शांत असावा, विशेषतः मूत्रपिंडं. आजार भडकलेला असताना गर्भ राहिला तर आईला आणि बाळाला, दोघांनाही धोका वाढतो : रक्तदाब चढणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाचं वजन कमी राहणं, गर्भ दगावणं. उलट आजार शांत असेल तर चित्र खूप आशादायक आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात शांत किंवा सौम्य ल्युपस असलेल्या ३८५ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांतल्या ८१ टक्के जणींची गरोदरपणं गंभीर गुंतागुंतीविना पार पडली.

डॉक्टरांपुढचा एक पेच इथे सांगायला हवा. गरोदरपणात रक्तदाब वाढणं आणि लघवीतून प्रथिनं जाणं, ही प्री-एक्लॅम्पसियाची लक्षणं. आणि ल्युपसने मूत्रपिंडांवर हल्ला केल्याचीही हीच लक्षणं. पहिल्यावर खरा उपाय म्हणजे प्रसूती, दुसऱ्यावर उपाय म्हणजे ल्युपसची औषधं वाढवणं. चुकीचा रस्ता धरला तर बाळ विनाकारण लवकर जन्मतं किंवा आईची मूत्रपिंडं जातात. म्हणूनच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रुमॅटॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलणं गरजेचं असतं. आपल्या दोन फायली दोन पिशव्यांत ठेवू नका, एकत्र ठेवा.

दोन रक्ततपासण्याही महत्त्वाच्या. पहिली, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडींची. यामुळे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वारंवार गर्भपात होऊ शकतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. कमी मात्रेतली ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं, या उपचाराने बहुतेक जणींना आता मूल होतं. आपल्याकडे दोन-तीन गर्भ पडले की सुनेचा पायगुण काढला जातो, दृष्ट काढली जाते. एक रक्ततपासणी करून घेतली असती तर, असं किती घरांबद्दल म्हणावं लागेल!

दुसरी तपासणी अँटि-रो आणि अँटि-ला यांची. शोग्रेन आणि ल्युपसमध्ये या अँटिबॉडी असू शकतात. त्या वारेतून बाळाकडे जातात. काही बाळांच्या अंगावर पुरळ येतं, ते आईच्या अँटिबॉडी ओसरल्या की काही महिन्यांत जातं. पण साधारण शंभरांत दोन बाळांच्या हृदयाची विद्युतवाहिनी कायमची बंद पडते आणि पेसमेकर लागू शकतो. एका बाळाला असं झालं असेल तर पुढच्या खेपेला हा धोका शंभरांत सोळा-अठरापर्यंत जातो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतल्याने तो निम्म्याहून खाली येतो, असं २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं. अशा गरोदरपणात साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी वारंवार करतात.

गोळ्यांचं काय करायचं?

सर्वांत मोठी चूक इथेच होते. दिवस गेल्याचं कळताच घरचे सगळ्याच गोळ्या बंद करतात. भीती समजण्यासारखी आहे, पण सगळ्या गोळ्या सारख्या नसतात.

गरोदरपणात चालत नाहीत : मेथोट्रेक्सेट, जी गर्भाला घातक आहे आणि मूल हवं असेल तर एक ते तीन महिने आधी थांबवावी लागते; मायकोफिनोलेट, जी किमान सहा आठवडे आधी; आणि लेफ्लुनोमाइड, जी शरीरात फार काळ रेंगाळते म्हणून ती धुऊन काढायला वेगळं औषध द्यावं लागतं.

सहसा चालतात : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलॅझिन (फॉलिक ॲसिडसोबत), ॲझाथायोप्रिन आणि कमी मात्रेतलं प्रेडनिसोलोन. प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग वार स्वतःच निष्क्रिय करते, त्यामुळे बाळापर्यंत थोडंच पोहोचतं. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद केली तर आजार उसळण्याचा धोका असतो, म्हणून ती चालू ठेवायला सांगतात. यांतली बहुतेक औषधं स्तनपानातही चालतात; मेथोट्रेक्सेट चालत नाही.

जपून : आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळाव्यात. त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि हृदयाजवळच्या एका रक्तवाहिनीवर परिणाम होतो. मेडिकलमधून न विचारता घेतलेली ‘अंगदुखीची गोळी’ हीच असू शकते.

भारतासाठी खास महत्त्वाची एक गोष्ट. काही जणींना बायोलॉजिक इंजेक्शनं चालू असतात. त्यांतली इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी शेवटच्या तिमाहीत घेतली, तर ती बाळाच्या रक्तात काही महिने राहतात. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजीची लस टोचतात आणि तिच्यात जिवंत जंतू असतात. अशा बाळाला ती साधारण सहा महिने पुढे ढकलावी लागते. हे प्रसूतिगृहातल्या नर्सला आईच्या घरच्यांनीच आधी सांगायला हवं, कारण फाइलमध्ये ते कुणी शोधेलच असं नाही.

बोलायचं कधी?

या सगळ्याचा सारांश एका शब्दात सांगायचा तर ‘आधी’. औषध बदलायचं ते आधी, तपासण्या आधी, आजार शांत करायचा तो आधी. आणि आधी बोलायचं म्हणजे लग्नाच्याही आधी. मुलीचा आजार लपवून लग्न लावलं, तर ती नवऱ्यासमोर गोळी कशी घेणार? मग ती गोळी चोरून घेते किंवा सोडून देते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या मुलीला गर्भ राहू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते. हे जिला नवऱ्याशी बोलताच येत नाही, तिने काय करायचं? आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्यांची शिबिरं होतात. पैसा, सासर, मुलांचं संगोपन, सगळ्यावर तिथे बोलतात. आरोग्यावर मोकळेपणाने बोलायला त्याहून चांगली जागा कुठली? हिंदू-मुसलमान घरांतही पत्रिका आणि देण्याघेण्याच्या बैठकी होतातच; त्यात हा विषय पाच मिनिटं निघाला तर काही बिघडत नाही.

काही जणींना डॉक्टर स्पष्टपणे ‘गरोदरपण टाळा’ असं सांगतात : फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब खूप वाढलेला असेल, किंवा मूत्रपिंडं फार खराब झालेली असतील, तेव्हा. तेही ऐकायला हवं, आणि अशा मुलीला अपुरी न मानणारं घरही असायला हवं. पण हा निर्णय तपासणीनंतर होतो, हातांची वाकडी बोटं बघून नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘मूल झालं की वात जातो’ म्हणालं, तर सांगा : काही जणींचा उतरतो, पण बाळंतपणानंतर परत येतो, तेव्हा पुढची तारीख घेऊन ठेवा. आणि कुणी ‘हिला मूल झेपणार नाही’ म्हणालं, तर विचारा : कुठला आजार, किती महिने शांत आहे, कुठली औषधं चालू आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतील, तर त्या मुलीच्या आयुष्याबद्दल मत देण्याची घाई आपण कुणीच करू नये.